बालवाडीतून पहिलीत: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी, बालवाडी, मोठा शिशु किंवा सीनियर केजी संपवून येत्या जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या घरांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. घरच्या तयारीचा भाग मात्र कुठेही राहणाऱ्या पालकांना उपयोगी पडेल. उत्तर दुसरीकडे सविस्तर दिलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पहिलीसाठी नेमकं किती वय लागतं?

ज्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू होते त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षं पूर्ण झालेली असावीत. म्हणजे जून २०२६ मध्ये पहिलीत बसायचं तर जन्म ३१ डिसेंबर २०२० ला किंवा त्याआधीचा हवा. नर्सरी-प्ले ग्रुपसाठी त्याच तारखेला तीन वर्षं पूर्ण लागतात. केंद्रीय विद्यालयाचा हिशेब वेगळा आहे, तिथे सहा वर्षं ३१ मार्चला मोजतात. त्यामुळे मे महिन्यात जन्मलेलं मूल जिल्हा परिषद शाळेत ज्या वर्षी बसतं त्या वर्षी केंद्रीय विद्यालयात बसत नाही. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी हे आधीच तपासावं.

२. आमचा मुलगा २० डिसेंबरचा. वयात बसतो, पण घालावं की एक वर्ष थांबावं?

जूनमध्ये तो साडेपाच वर्षांचा असेल आणि त्याच्या शेजारी बसणारं मूल साडेसहाचंही असू शकेल. या वयात एका वर्षाचा फरक मोठा असतो, म्हणून हा प्रश्न रास्त आहे.

निर्णय घेताना अक्षरं किती येतात ते पाहू नका. चार गोष्टी पाहा: लघवी-शौचाला लागली तर वेळेत सांगतो का आणि स्वतः आवरतो का, घरच्यांशिवाय दोन-तीन तास राहतो का, “पाटी आण आणि इथे बस” अशा दोन सूचना एका दमात पाळतो का, दुखलं, भूक लागली, कुणी ढकललं तर अनोळखी मोठ्या माणसाला कळेल असं सांगतो का. यांतल्या तीन गोष्टी मार्चपर्यंत जमत असतील तर आम्ही घालायला सांगू, चौथी जूनपर्यंत येते. दोनच जमत असतील तर एक वर्ष मोठ्या शिशूत किंवा अंगणवाडीत राहिल्याने मुलाचं काही बिघडत नाही. आधी पहिलीत घालून वर्षाच्या मध्यात काढणं मात्र मुलाला फार लागतं, ते टाळाच.

थांबायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं. सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला “तयार नाही” म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही.

३. तयारी कधीपासून सुरू करायची?

जानेवारीत कागदपत्रं (प्रश्न ४ ते ६). फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळे, कान, दात तपासून घ्या (प्रश्न १९). एप्रिलमध्ये शाळेच्या मेळाव्याला जा (प्रश्न ११) आणि थोडा थोडा वेळ घरच्यांपासून लांब राहण्याचा सराव सुरू करा. मे महिन्यात डबा, शौचालय, कपडे. झोपेची वेळ शाळा सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी हलवायला लागा. राज्यातल्या बहुतेक भागांत शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी.

४. प्रवेशाला कोणते कागद लागतात आणि चुका कुठे होतात?

जन्माचा दाखला, मुलाचं आधार असेल तर त्याची प्रत, पालकांचं आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि लागू असेल तर वडिलांचा किंवा कुटुंबातला जातीचा दाखला. सगळ्याच्या तीन-तीन प्रती करून ठेवा आणि मूळ कागद दाखवून परत घ्या. मूळ कागद शाळेत सोडून येऊ नका.

सर्वांत महागात पडणारी चूक दाखलखारीज रजिस्टरमध्ये होते. पहिलीत या रजिस्टरमध्ये जे नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म आणि जात लिहिली जाते, तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि जात पडताळणीत येतं. घरात हाक मारतो ते नाव, आडनावाचं वेगळं स्पेलिंग, जातीच्या रकान्यात नुसती पोटजात किंवा नुसता धर्म: या चुका दहा-पंधरा वर्षांनी बाहेर येतात आणि मग दुरुस्तीसाठी कचेरीचे खेटे घालावे लागतात. अर्ज भरून झाल्यावर मुख्याध्यापकांना नोंद दाखवायला सांगा, जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि मगच सही करा. ज्या आईवडिलांना वाचता येत नाही त्यांनी वाचणारं माणूस सोबत न्यावं. दहा मिनिटांचं हे काम सगळ्या तयारीत सर्वांत किमती आहे.

५. जन्माचा दाखला नाही, किंवा आहे पण त्यावर बाळाचं नाव नाही. प्रवेश अडेल का?

दाखल्यावर नाव नसेल तर जिथे जन्माची नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत अर्ज करून नाव घालून घेता येतं. जन्मनोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत ही सोय आहे, पहिल्या वर्षानंतर विलंब शुल्क पडतं.

दाखलाच नसेल तरी शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. रुग्णालयातली किंवा आरोग्यसेविकेच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तेही नसेल तर पालकांचं लेखी प्रतिज्ञापन चालतं. तरीही दाखला लवकर काढून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरायचा, असा कायदा झाला आहे. घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी हे आत्ताच करून टाका.

६. आधार नसेल तर?

प्रवेश द्यावाच लागतो, आधार नंतर देता येतं. बाळपणी काढलेलं निळं आधार असेल तर पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करून ते अद्ययावत करायचं असतं. पाच ते सात वयात ही नोंद मोफत होते.

७. शाळा मुलाची मुलाखत घेणार म्हणते. आम्हा पालकांचीही. हे चालतं का?

पहिलीच्या प्रवेशासाठी चालत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणतीही निवड चाचणी घेता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार आणि त्यापुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देणगीलाही याच कलमात मनाई आहे आणि तिचा दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत जातो. तक्रार तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिका हद्दीत शिक्षणाधिकाऱ्यांकडे, लेखी आणि पोच घेऊन करावी.

प्रवेश झाल्यानंतर बाईंनी मुलाशी बोलून त्याला काय आवडतं, काय येतं हे समजून घेणं वेगळं. ते चांगल्या शाळेचं लक्षण आहे.

८. आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव ठेवलेल्या) २५ टक्क्यांत पहिलीला नंबर लागेल का?

शाळेचा प्रवेशस्तर कोणता यावर ते ठरतं. ज्या शाळेत प्रवेश नर्सरीपासून सुरू होतो तिथे या जागा नर्सरीतच भरल्या जातात. पहिलीपासून सुरू होणाऱ्या शाळांमध्येच पहिलीला जागा मिळतात. अनेक पालक चांगली शाळा हेरून ठेवतात आणि तिच्या जागा तीन वर्षांपूर्वीच भरलेल्या असतात. ऑनलाइन अर्जात शाळा निवडताना आधी हाच रकाना पाहा.

दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पहिलीसाठी वयाची वरची मर्यादा ३१ डिसेंबरला सात वर्षं पाच महिने तीस दिवस आहे. घराचं ठिकाण नकाशावर नेमकं टिपा. शाळेपासूनचं अंतर त्यावरूनच मोजलं जातं आणि कागदोपत्री पत्ता व नकाशावरची खूण जुळली नाही तर पडताळणीत प्रवेश रद्द होतो.

९. पहिलीत जाण्याआधी वाचता-लिहिता किती यायला हवं?

एकही अक्षर आलं नाही तरी चालतं. राज्याच्या अभ्यासक्रमात अक्षरओळख पहिलीत पहिल्यापासूनच होते. काही इंग्रजी शाळा सीनियर केजीत छोटे शब्द वाचून झालेत असं धरून चालतात. तिथे मूल नव्याने जात असेल तर शाळेला थेट विचारा.

अक्षरांआधी लागतं ते वेगळंच असतं. मूल गोष्ट दहा मिनिटं ऐकतं का, तिच्यात काय झालं ते स्वतःच्या शब्दांत सांगतं का, “कमळ” आणि “कप” एकाच आवाजाने सुरू होतात हे त्याच्या कानाला कळतं का, पुस्तक सुलट धरून पान उलटतं का. हे जमणारी मुलं पुढे वाचायला लवकर लागतात.

अंकांचंही तसंच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर वीस चिंचोके ठेवा आणि म्हणा, “मला सात दे.” बरीच मुलं मोजत सुटतात आणि सातवर थांबत नाहीत, किंवा एकच चिंचोका दोनदा मोजतात. म्हणजे अंकांचं गाणं पाठ आहे, संख्या अजून कळलेली नाही. पहिलीत बेरीज अडते ती याच जागी. दहापर्यंत नक्की मोजून देणं, कमी-जास्त ओळखणं, लहान-मोठं लावणं, एवढं आलं तर गणिताची तयारी पुरेशी आहे.

१०. मग घरी रोज काय करून घ्यायचं?

बसवून शिकवण्याची गरज नाही. घरच्या कामांतच सगळं आहे, दिवसाला मिळून अर्धा तास खूप झाला.

रात्री एक गोष्ट, दहा-पंधरा मिनिटं. तीच गोष्ट आठवडाभर सांगितली तरी चालते, उलट मुलांना तेच हवं असतं. मध्येच थांबून विचारा, “आता काय होईल?” पोळ्या लाटताना आवाजाचा खेळ घ्या: ‘प’ने सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू सांगायच्या. पाणी, पोळपाट, पलंग. तक्ता समोर नको, हा खेळ कानाचा आहे.

चिंचोके, गोट्या, शेंगदाणे यांपैकी काहीही घ्या. तीन मुठीत धरून क्षणभर दाखवा, झाका आणि किती होते ते विचारा. न मोजता तीन ओळखता आले की चार, मग पाच. जेवायला बसताना “माणशी एक वाटी मांड” हे काम द्या. एकास एक जोडी लावणं यातून येतं.

बोटांसाठी कणीक मळणं, मटार सोलणं, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढणं-लावणं, जुन्या वर्तमानपत्रावर आखलेली सरळ रेघ आणि नंतर वळणदार रेघ बोथट कात्रीने कापणं. आठवड्यातून दोन-तीनदा सापशिडी, लंगडी किंवा आंधळी कोशिंबीर खेळा आणि मुलाला कधी कधी हरू द्या. आपली पाळी येईपर्यंत थांबणं आणि हरल्यावर डाव न मोडणं या दोन गोष्टी तीस मुलांच्या वर्गात रोज लागतात, आणि घरात एकुलत्या एका मुलाला त्या शिकायची संधीच मिळत नाही.

विकतचं साहित्य लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर वाढवलेलं बालशिक्षण बिया, पानं, शंख-शिंपले आणि माती यांवरच उभं राहिलं होतं.

११. शाळापूर्व तयारी मेळावा म्हणजे काय? मुलाला न्यायलाच हवं का?

‘पहिले पाऊल’ या नावाने जिल्हा परिषद आणि पालिकेच्या शाळांत हा मेळावा दोनदा होतो. पहिला एप्रिलच्या सुमारास, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालक मार्गदर्शन अशी सात दालनं मांडलेली असतात. मूल प्रत्येक दालनात उडी मारणं, वस्तूंचं वर्गीकरण, चित्राबद्दल बोलणं अशा छोट्या कृती करतं आणि त्याच्या विकासपत्रावर नोंद होते. पास-नापास काही नसतं.

जायलाच हवं असा नियम नाही, पण जरूर जा. मुलाला शाळेची इमारत, बाई आणि शौचालय गर्दी नसताना पाहायला मिळतं. तुम्हाला दीड-दोन महिने हातात ठेवून नेमकं काय कच्चं आहे ते कळतं. मधल्या काळात आयांचे छोटे गट करून घरी घ्यायच्या कृती दिल्या जातात. कामामुळे आईला जमत नसेल तर बाबा, आजी, मोठी बहीण कुणीही जावं. विकासपत्र जपून ठेवा आणि दुसऱ्या मेळाव्याला घेऊन जा, नाहीतर तुलना करता येत नाही.

१२. शाळा सुरू होऊन महिना झाला तरी नुसते खेळच घेतात. अभ्यास कधी?

तोच अभ्यास आहे. ‘विद्या प्रवेश’ हा पहिलीच्या सुरुवातीचा बारा आठवड्यांचा, खेळांवर आधारलेला कार्यक्रम जुलै २०२१ मध्ये देशभर जाहीर झाला. काही मुलं अंगणवाडीतून येतात, काही केजीतून, काही थेट घरातून. तीन महिन्यांत सगळ्यांना एका पायरीवर आणायचं, हा त्याचा हेतू. या काळात घरी समांतर बाराखडी सुरू केलीत तर मूल वर्गात कंटाळतं आणि घरी दमतं. बारा आठवड्यांनंतरही वर्गात गोष्टी, लिखाण, मोजणी काहीच दिसत नसेल तर मग बाईंशी बोला.

१३. पेन्सिल मुठीत धरतो. आणि डाव्या हाताने लिहितो, ते बदलायचं का?

डावा हात बदलायचा नाही. जबरदस्तीने हात बदललेली मुलं लिहायला टाळाटाळ करू लागतात. कागद किंचित उजवीकडे कललेला ठेवा आणि बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला बाईंना सांगा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी कोपर भिडत नाही.

मुठीत धरतो त्याचं कारण बहुतेकदा बोटांत जोर नसणं हे असतं, म्हणून आधी प्रश्न १० मधली हाताची कामं. रंगखडूचे साधारण इंचभर तुकडे करून द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांत आपोआप येतो. पाटी भिंतीला टेकवून उभी ठेवली की मनगट योग्य वळतं. रेघांचा क्रम असा ठेवा: उभी, आडवी, गोल, अधिकची खूण, चौकोन आणि शेवटी त्रिकोण. त्रिकोण साडेपाच-सहाच्या आसपास जमतो, त्याआधी नाही जमला तर काळजी नको. अक्षरं उलटी काढणं सातव्या वर्षापर्यंत सर्रास दिसतं.

१४. शाळेत शौचाला जातच नाही, घरी येईपर्यंत दाबून धरतो.

हा प्रश्न पालक सर्वांत शेवटी आणि दबक्या आवाजात विचारतात. पहिलीतल्या मुलांच्या पोटदुखीचं, चिडचिडीचं आणि “शाळेत नाही जाणार” याचं हे एक मोठं कारण आहे.

दाबून धरल्याने बद्धकोष्ठ होतं, मग शौचाला दुखतं, मग मूल आणखी दाबतं. लघवी लागू नये म्हणून पाणी पिणं सोडणाऱ्या मुली तर खूप असतात. त्यातून लघवीला जळजळ आणि संसर्ग होतो.

शाळेचं शौचालय मुलासोबत आधी पाहून या. भारतीय पद्धतीचं असेल आणि घरी कमोड असेल तर मे महिनाभर उकिडवं बसण्याचा सराव लागतो. मगाने पाणी घेऊन स्वतः धुणं, चड्डी स्वतः वर ओढणं, हात साबणाने धुणं हे रोज करू द्या. आपण धुवून देणं एप्रिलपासूनच थांबवा. हूक आणि पट्टा असलेली पँट नको, इलास्टिकची घ्या. मुलींना सलवारीच्या नाडीऐवजी इलास्टिकच हवं. “बाई, मला शूला जायचंय” हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावा. बऱ्याच मुलांना जायचं कसं ते येतं, विचारायचं कसं हे येत नाही.

सकाळी घरी शौचाला बसायची वेळ ठरवा, नाश्त्यानंतर दहा मिनिटं. मधल्या सुट्टीत गर्दीत ढकलाढकली होते म्हणून जोडीने जायला सांगा, कडी लागत नसेल तर मैत्रीण बाहेर उभी राहील. दप्तरात एक चड्डी आणि एक प्लास्टिकची पिशवी कायम असू द्या. शौचालय कुलूपबंद किंवा पाण्याविना असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालय आणि पिण्याचं सुरक्षित पाणी ही शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीतलीच अट आहे.

दिवसा कोरडं राहणारं मूल अचानक रोज कपडे ओले करू लागलं तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.

१५. डबा तसाच परत येतो.

आधी झाकण तपासा. घट्ट क्लिपचा डबा सहा वर्षांच्या बोटांना उघडत नाही आणि मूल ते कुणाला सांगत नाही. शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर घरीच डब्यातून, बाटलीतून आणि वीस मिनिटांत खायचा सराव द्या. पोळीचे तुकडे करून किंवा गुंडाळी करून द्या. रस्साभाजी नको. सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचा पोषण आहार मिळतो. तिथे जेवणारं मूल असेल तर छोट्या सुट्टीसाठी चार घास पुरतात: चिक्की, केळं, शेंगदाण्याचा लाडू.

१६. सकाळी उठतच नाही.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, सहा वर्षांनंतर ९ ते १२. सातला उठायचं तर नऊला दिवा बंद हवा. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरकवा, तीन आठवड्यांत पावणेदोन तासांचा फरक पडतो. आधी उठण्याची वेळ बदला, झोपण्याची मागोमाग येते. दुपारची झोप चारनंतर चालू राहिली तर रात्रीची बिघडते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा राज्य शासनाचा निर्णय फेब्रुवारी २०२४ चा आहे. तुमच्या शाळेची वेळ त्याआधीची असेल तर विचारणा करायला हरकत नाही.

१७. शाळेच्या दारात रडून गोंधळ घालतो. ठेवून यायचं की परत आणायचं?

ठेवून यायचं, पण न सांगता सटकायचं नाही. मूल खेळात रमलं की मागच्या दाराने निघून जाणं सोपं वाटतं. दुसऱ्या दिवशी ते मूल खेळात रमतच नाही, कारण नजर हटली की आई जाते हे त्याला कळलेलं असतं.

निरोप ठरलेला आणि छोटा असावा. एक मिठी, एक ठरलेलं वाक्य, आणि मागे वळायचं नाही. “दोन वाजता येईन” याचा मुलाला अर्थ लागत नाही. “खिचडी खाल्लीस, हात धुतलेस, घंटा झाली की मी फाटकाशी” हे कळतं, आणि त्या वेळेला फाटकाशी असणं फार महत्त्वाचं आहे. पहिल्या पंधरवड्यात पाच मिनिटं उशीरसुद्धा नको. आईला सोडवत नसेल तर आजोबा किंवा काकाने सोडावं. खिशात आईचा छोटा रुमाल दिला तर अनेक मुलांना पुरतो.

खिडकीतून डोकावणं, “रडलास तर घेऊन जाईन” म्हणणं आणि खरंच घेऊन जाणं, या तिन्हींनी रडण्याचे दिवस वाढतात. बहुतेक मुलं तुम्ही दिसेनासे झाल्यावर थोड्या वेळात शांत होतात. तासाभराने बाईंना फोन करून खात्री करून घ्या. साधारण दोन-तीन आठवड्यांत हे ओसरतं. महिना उलटूनही रोज सकाळी उलटी, पोटदुखी किंवा रात्री दचकून उठणं चालू असेल तर शाळेत काही घडतं आहे का हे शांतपणे शोधा.

आणि घरातल्या सगळ्यांना एक सांगून ठेवा: “थांब, शाळेत बाई तुला सरळ करतील” हे वाक्य बंद. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ याला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. बाईंचा धाक घालून पाठवलेलं मूल शौचाला जायचंय हेसुद्धा सांगत नाही.

१८. पहिले दिवस मजेत गेला, आता गणपतीच्या सुट्टीनंतर नाही म्हणतो. आणि “आज काय झालं?” विचारलं की “काही नाही.”

नवलाई संपते आणि शाळा रोजचीच आहे हे कळतं, तेव्हा रडण्याची दुसरी लाट येते. दिवाळीनंतरही येते. सुट्टीच्या शेवटच्या तीन दिवसांत झोप-जेवण शाळेच्या वेळेवर आणा आणि प्रश्न १७ मधला निरोप पुन्हा पहिल्यापासून पाळा.

घरी आल्या आल्या विचारू नका. खाऊन, खेळून झाल्यावर नेमकं विचारा: “आज कुणाशेजारी बसलास?”, “कोण रडलं?”, “मधल्या सुट्टीत काय खेळलात?” आपण आपल्या दिवसातली एक गोष्ट आधी सांगितली की मुलं बोलू लागतात.

१९. आरोग्याचं काय पाहायचं?

पाच ते सहा वयात डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लशीचा) दुसरा बूस्टर असतो. गोवरच्या लशीनंतर बरीच घरं लसीकरणाचं कार्ड मिटून ठेवतात आणि हाच डोस राहून जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात तो मोफत मिळतो.

टीव्हीच्या अगदी जवळ बसणं, डोळे बारीक करणं, सारखं “काय?” विचारणं, कान वाहणं ही लक्षणं शाळेआधी दाखवून घ्या. ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसलेल्या काही मुलांना नीट ऐकूच येत नसतं. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे एक नवीन दाढ येते. कुठलाही दात न पडता ती उगवते, म्हणून तिला दुधाची समजून कीड लागली तरी सोडून देतात. ती कायमची दाढ आहे.

२०. घरी अहिराणी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी. किंवा घरी मराठी, शाळा इंग्रजी. घरची भाषा बदलावी का?

नाही. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, पावरी, गोंडी, जी घरात सहज येते तिच्यातच भरपूर बोला आणि गोष्टी सांगा. एका भाषेत पक्कं झालेलं मूल दुसरी भाषा लवकर उचलतं. मोडक्या इंग्रजीत घर चालवल्याने दोन्ही कच्च्या राहतात. शाळेच्या भाषेतली दहा-बारा कामाची वाक्यं मात्र आधी शिकवा: पाणी हवंय, दुखतंय, शूला जायचंय, मला समजलं नाही, आईला फोन करा. मुलाचे घरचे खास शब्द, म्हणजे पाण्याला ते काय म्हणतं, शौचाला काय म्हणतं, बाईंना कागदावर लिहून द्या.

२१. दप्तर किती जड असावं? गृहपाठ?

२०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार पहिली-दुसरीचं दप्तर १.६ ते २.२ किलोंच्या आत हवं आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको. भरलेली पाण्याची बाटलीच पाऊण-एक किलोची होते. शाळेत पिण्याजोगं पाणी असेल तर अर्धी भरून द्या.

२२. मुलगी उशिरा बोलायला लागली, अजून अस्पष्ट बोलते. शाळा “विशेष शाळेत घाला” म्हणते.

शेजारची शाळा तिला नाकारू शकत नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत शेजारच्या किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. निवड पालकांची. आधी कानांची तपासणी करा. जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे वाचा-उपचार मिळतात. तिथे पोहोचण्यासाठी अंगणवाडी किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाची चिठ्ठी घ्या. गटशिक्षण कार्यालयात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करा.

२३. आम्ही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातो. मग जूनमध्ये नाव घालून उपयोग काय?

नाव जूनमध्ये गावातच घाला. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत विद्या प्रवेशचे बारा आठवडे पूर्ण होतात (प्रश्न १२), आणि पहिलीचा पाया त्यातच पडतो.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी मुख्याध्यापकांना सांगा. गावात हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर मूल आजी-आजोबांकडे राहून तिथे जेवू शकतं. सोबत न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कुठल्या वर्गात आहे, त्याला काय येतं, याची नोंद त्यावर असते. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून मुलाला लगेच वर्गात बसवता येतं. दाखला आला नाही किंवा वर्ष अर्ध्यावर आलं, ही कारणं सांगून ती शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तिथल्या बाईंचा फोन नंबर गावच्या बाईंना द्या, आणि मार्च-एप्रिलमध्ये परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाला पुन्हा गावच्या वर्गात नेऊन बसवा. पट गावातच असतो. परत येऊनही मूल शाळेत गेलं नाही तर शाळाबाह्य मुलांच्या यादीत त्याचं नाव जातं.